डाव्या हाताचा टाका

पुण्याच्या बेसबॉल संघाचा व्यवस्थापक रणदिवे पहिल्यांदा आमच्या चेंडूंच्या कारखान्यात आला तो बूट घालूनच आत शिरला. मी म्हटलं, "बूट बाहेर. इथं बायका जमिनीवर बसून काम करतात, तुमच्या बुटाच्या उंचीवर त्यांची तोंडं आहेत."

माणूस मुकाट्यानं मागं गेला, बूट काढून आला. परदेशी बूट होता, पण उजवी टाच बाहेरच्या अंगानं झिजलेली. असा माणूस एका बाजूला कलून चालतो. मी चेहरा नंतर बघते, टाच आधी. कोल्हापुरात चार पिढ्या चपला शिवणाऱ्या घरात आले, तेव्हापासूनची खोड आहे.

त्यानं पत्र्याचं खोकं उघडलं. आत एक्केचाळीस चेंडू, वापरलेले, मातीनं मळलेले. प्रत्येकावर आकडा घातलेला.

"आक्का, हे कुणी शिवलेत ते सांगता येईल?"

कारखान्यात तेव्हा माझ्यासकट वीस बाया होत्या. मी पहिला चेंडू घेऊन टाक्यावरनं अंगठा फिरवला.

"मी."

दुसरा घेतला. मी. तिसरा, चौथा, दहावा. समोर माझी थोरली सून सारिका बसलेली, तिची सुई थांबली. विसावा, तिसावा. मी एक्केचाळिसावा खाली ठेवला.

"सगळे माझे."

रणदिवेनं कपाळावरचा घाम पुसला आणि लहान पोरासारखा हसला. "हे ते चेंडू आहेत, आक्का. एक्केचाळीस सामन्यांत कादंबरीनं ज्यांच्यावर हिट मारला, ते हे."

कादंबरी म्हणजे माझी धाकटी. चाळिशीला टेकले तेव्हा झाली, म्हणून सगळ्यांनी तोंडाला पदर लावून हसून घेतलं होतं. आता तीच तोंडं तिच्या नावाचे फलक लावत होती.

ज्यांना बेसबॉल ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. समोरचा गडी चेंडू फेकतो, आपण गोल दांडक्यानं तो मारायचा आणि कुणी झेलायच्या किंवा अडवायच्या आत पहिल्या पांढऱ्या गोणीपर्यंत सुखरूप पळायचं. हा झाला हिट. तीनदा हुकलं की बाद. ऐकायला सोपं वाटतं. चेंडू फेकणाऱ्याच्या हातून सुटून आपल्यापर्यंत यायला अर्धा सेकंदसुद्धा लागत नाही आणि चांगला चांगला खेळाडू दहात सात वेळा रिकामा परततो. म्हणून एकही सामना न चुकता, दर सामन्यात निदान एक हिट, असं किती दिवस चालतं याला मोल. अमेरिकेत एकानं सन एक्केचाळीसमध्ये सलग छप्पन्न सामने केले होते. आता पुन्हा एक्केचाळीस साल उजाडलं होतं, मधे शंभर वर्षं गेली, कुणाला ते मोडता आलं नाही. आणि कोल्हापूरची सातपुत्यांची पोरगी, पुण्याच्या संघाकडून, पुरुषांच्या बरोबरीनं खेळत एक्केचाळीसवर उभी.

"एका सामन्याला आठ डझन चेंडू," रणदिवे म्हणाला. "त्यात तुमच्या हातचे फार तर चार-पाच. बाकीच्यांवर ती हुकते, सोडून देते, बाद होते. तुमचा आला की मारते. एकदाही चुकली नाही. तुम्ही चेंडूवर काही खूण करता का?"

मी कोपऱ्यातली अर्धी झालेली चप्पल उचलली, अंगठ्याचा पट्टा उलटा करून त्याच्या खालची बारीक गाठ त्याला दाखवली. "ही आमच्या घरची गाठ. प्रत्येक घराची वेगळी. चप्पल तुटली की दुसरा चर्मकार पट्टा उलटून बघतो आणि सांगतो, सातपुत्यांची आहे, त्यांच्याकडं न्या. शिवलेली वस्तू मोडली की शिवणाऱ्याच्या दारात परत येते. पण चेंडूला गाठ दिसली तर तुमचा पंच फेकून देईल. चेंडूवर खूण नसते. नुसता हात असतो."

"मग ती ओळखते कशावरनं?"

ते मला ठाऊक होतं, पण त्याला सांगितलं नाही. मी डावरी आहे. चेंडूला दोन सुया आणि मेण लावलेला लाल दोरा, एकशे आठ जोडटाके. जपाच्या माळेला मणी तेवढे. बाकीच्या एकोणीस जणींचा टाका एका अंगाला कलतो, माझा दुसऱ्या. नुसत्या डोळ्याला दिसणार नाही असा. लहानपणी याच हातावर आईनं लाटणं मारलं होतं. लग्नात सासूनं याच हातानं वाढू दिलं नव्हतं. त्या हाताला शेवटी कुणीतरी ओळखलं होतं, आणि ते माझ्या पोटचं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी एक भाकरी जास्त खाल्ली.

*

पुढचं समजायला जाळीबद्दल सांगायला हवं.

कादू पुण्याच्या संघात गेली तेव्हा त्यांच्या डॉक्टरीणबाई निरगुडकर आमच्या घरी आल्या होत्या. माणूस चांगला, टाचा दोन्ही बाजूंनी सारख्या झिजलेल्या. त्यांनी सांगितलं, डोक्याच्या मागच्या हाडाखाली केसापेक्षा बारीक तारांची जाळी बसवायची. तिच्यात कॅमेरा नाही, सामन्यात ती काही सांगत नाही, म्हणून नियमात बसते. ती फक्त झोपेत काम करते. दिवसभरात डोळ्यानं जे बरोबर ओळखलं ते पक्कं करते, जे चुकलं ते पुसट करते.

"मालनबाई, जत्रेत हजार माणसं असली तरी आपलं माणूस कसं चटकन दिसतं?" त्या म्हणाल्या. "विचार करायला लागतो का? मेंदूत चेहरे ओळखायची खास जागा असते, तिचं हे काम. जगात तिच्याइतकी जलद नजर नाही. आम्ही त्या जागेला चेंडू शिकवतो. फिरत्या चेंडूचा टाका तिला चेहऱ्यासारखा दिसायला लागतो. राग, हसू जसं तोंडावर दिसतं तसा चेंडू कुठं वळणार ते टाक्यावर दिसतं."

"आणि माणसांचे चेहरे?"

"जागा आहे भरपूर," त्या म्हणाल्या. पण डोळे चहाच्या कपात होते.

सही मी केली. कादू सज्ञान होती, तरी संघाला घरच्यांची सही हवी होती आणि आमच्या घरात घरचे म्हणजे मी. पहिलं वर्षभर सरावाला आठवड्याला शंभर चेंडू लागायचे. कादूसाठी ते सगळे मी एकटीनं शिवले. सारिका म्हणाली होती, "आत्या, आम्ही मिळून शिवतो की, तुमची बोटं फुटतील." मी म्हटलं, "माझ्या लेकीला बाहेरच्या हातचं लागायचं नाही." सून म्हणजे बाहेरचा हात. असं बोलले मी. ती गप्प बसली. तिचं गप्प बसणं फार बोचतं.

*

अठ्ठेचाळीस सामने झाल्यावर कादू चार दिवस घरी आली. गल्लीत ढोल होता. तिचा सख्खा भाऊ, माझा दत्ता, हार घेऊन पुढं झाला. तिनं हार घालून घेतला, हात जोडले आणि म्हणाली, "आपण इतक्या लांबून आलात, आभारी आहे."

दत्ता हसला, त्याला वाटलं चेष्टा करतीय. मला तशी वाटली नाही.

जेवायला बसली. मी वाढत होते. ती भरभर बोलत होती, हॉटेलं, विमानं, कुठल्या गावात कसली चटणी मिळते. पण नजर वर येत नव्हती. माझ्या हातावर होती. हात भाकरीकडं गेला की नजर भाकरीकडं, हात रश्श्याकडं गेला की तिकडं. मांजर दोऱ्याच्या गुंड्याकडं बघतं तसं.

माझ्या मनात काय आलं कोण जाणे. मी दोन्ही हात पदराखाली घेतले आणि तोंड मिटून तिच्यासमोर बसून राहिले.

ती वाक्याच्या मधेच थांबली. माझ्याकडं बघितलं. आपण अनोळखी दुकानाच्या पाटीकडं बघतो, तसं. मग स्वयंपाकघराच्या दारात उभ्या सारिकाकडं, बांगड्यांच्या आवाजावरनं मान वळवून म्हणाली, "वहिनी, आये कुठं गेली?"

मी दोन हातांच्या अंतरावर होते. तिला नऊ महिने पोटात वागवलेली बाई.

मी हात बाहेर काढले.

"इथंच तर हैस की," कादू म्हणाली आणि लसणाची चटणी मागितली.

त्या संध्याकाळी मी तिला कारखान्यात माझ्याशेजारी बसवलं. हात कामाला लावले, म्हणजे ती माझ्याजवळ राहील. "कादू, ती जाळी सैल करून घे."

"सैल केली तर हिट जाणार, आये."

"जाऊ दे."

"छप्पन्न झाले की सगळं जग मला ओळखंल."

"अगं, पण तू कुणाला ओळखशील? सख्ख्या भावाला आपण म्हणालीस आज."

तिनं मेणाचा गोळा उचलून हातात फिरवला. मग हळू म्हणाली, "मला ठाऊक आहे. आरशात बघून केस विंचरते, तवा दुसऱ्याच कुणाचे विंचरल्यागत वाटतंय. पण चेंडू सुटला की काय दिसतं तुला काय सांगू! सगळं मैदान धुरकट असतंय आणि त्यातनं तूच चालत येतीस. लांबूनच कळतं आये आली. मी नुसता हात पुढं करते." तिनं माझं डावं मनगट धरलं. "ते सोडू म्हणतीस व्हय?"

मी पुन्हा सुई ओवायला घेतली. ओवली गेली नाही.

*

निरगुडकर बाईंना मीच फोन लावला. पहिल्यांदा उचलला नाही, दुसऱ्यांदा उचलला. मी म्हटलं, "डॉक्टर, जागा भरपूर आहे म्हणाला होतात. कुणाच्या घरची जागा?"

बाई जे बोलल्या ते सरळ बोलल्या, तेवढं त्यांच्या पदरात घालते. जाळी चालते ती बरोबर आणि चूक दोन्हींवर. चुकत राहिलं तर ती जागा ओली राहते, आकार बदलता येतो. पण कादू रोज बरोबर येत होती. प्रत्येक हिटला ती जागा आणखी आवळत होती. त्यांच्या हिशेबानं साठ सामने सलग झाले की ती वाळणार, आणि मग कुणाच्या बापाला ती सैल करता येणार नाही.

मला हे समजावून सांगावं लागलं नाही. ओलं चामडं साच्यावर ठोकून ठेवलं की हवा तो आकार देता येतो. एकदा वाळलं की कापावं लागतं.

"एका सामन्यात हुकली तर?"

"तर मालिका तुटते. जागा पुन्हा मऊ होते. मग मी उपचार करू शकते. आज करू शकत नाही, मालिका चालू असताना उपचार बदलायचे नाहीत असं करारात आहे. तिनं त्याच्यावर सही केलीय. आणि..."

"आणि मी."

"हो."

मी रणदिवेला विचारलं, छप्पन्नचा विक्रम मोडला की पोरीला मोकळी करणार का. तो म्हणाला, "सत्तावन्ननंतर अठ्ठावन्न येतात की आक्का! शंभर वर्षं, शंभर सामने, असे फलक छापून झालेत."

चेंडू देणं बंद करावं, तर तो रस्ताही मीच बुजवून ठेवलेला. गेल्या हंगामात मिरवायच्या नादात माझ्या हातचे दोन हजार चेंडू पुढचे म्हणून शिवून पाठवले होते. ते पुण्याच्या गोदामात होते, आणि एक्केचाळीसनंतर दर सामन्याच्या पेटीत त्यातले जास्त कसे पडतील हे रणदिवे जातीनं बघत होता.

कादूनं पन्नास केले. त्रेपन्न केले. मी देवाला म्हटलं हुकू दे. ज्या आईनं असा नवस बोलला ती मी एकटीच असेन. छप्पन्नावा झाला तेव्हा गल्लीनं फटाके लावले आणि मी दार लावून घेतलं.

*

मग रणदिवे पुन्हा आला. या वेळी बूट बाहेर काढून, हातात पेढे घेऊन. सत्तावन्नावा सामना पुण्यात, दुपारी तीनला. कादू फलंदाजीला आली की तेवढ्यापुरते बारा खास चेंडू वापरायचे, विक्रमाचे, आईच्या हातचे. समोरच्या संघाचीही ना नव्हती, चेंडू तो चेंडू. मी ते कॅमेऱ्यासमोर शिवायचे, सगळ्या देशाला दाखवणार. शेवटी तो एवढंच म्हणाला, "म्हणजे आता योगायोगाचा प्रश्नच नाही."

मला दार दिसलं. त्यानंच उघडून दिलं होतं.

दोन दिवस तो आणि त्याचा कॅमेरावाला माझ्यासमोर खुर्च्या टाकून बसले. पहिल्या दिवशी दुपारी ते चहाला बाहेर गेले तेव्हा सारिका माझ्याशेजारी येऊन वाकली. हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी.

"आत्या, हे बारा. मी शिवलेत. तुम्ही त्यांच्यासमोर शिवायचं ते शिवा, जाताना पेटी मी भरते. माझ्या हातचा चेंडू तिला दिसतच न्हाई. उभी राहील, बाद होईल, सुटली."

मी ते चेंडू बघितले. स्वच्छ काम होतं. सोळा वर्षं माझ्यासमोर बसून शिकलेली बाई. आणि मी काय म्हणाले?

"माझं नाव सांगून जाणारा चेंडू दुसरीच्या हातचा? अजून तेवढा वाईट काळ आला नाही, सारिका. मोडायचं असेल तर मी मोडीन. माझ्या हातानं."

तिनं गोणपाट पुन्हा गुंडाळलं. "तुमची मर्जी," म्हणाली. चार वर्षं झाली, ते दोन शब्द अजून माझ्या कानात आहेत.

रणदिवे परत आला, कॅमेरा लागला, आणि मी सुया घेतल्या. उजव्या हातात.

जन्मात उजव्या हातानं शिवलं नव्हतं. पहिल्या चेंडूला तीन तास लागले. बोटाला आरी लागली, मेणावर रक्त पडलं. कॅमेरावाला म्हणाला, "वा आक्का, हे छान दिसतंय, हात जरा पुढं घ्या." समोर एकोणीस बाया, एकीनंही वर बघितलं नाही. आठव्या चेंडूपासून हात बसला. ओढ माझीच होती, टाक्यातलं अंतर माझंच होतं, मेण दाबायची रीत माझीच. फक्त कल उलटा. बाराव्याला मला वाटलं, झालं. माझ्या लेकीला फसवायला माझ्याइतकं कुणी लायक नाही.

*

त्या दिवशी मला मैदानाच्या कडेला खुर्ची दिली होती, शाल, श्रीफळ, सगळं. ऊन कडक होतं. कादू आली. लोक उठून उभे राहिले.

पहिला चेंडू सुटला. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. ते उजळलं. घरी येणाऱ्या पाहुण्याला लांबून बघून उजळतं तसं. तिनं पुढं होऊन दांडकं फिरवलं आणि चेंडू वीतभर खालून गेला.

लोक हसले, कुणाचं काय, पहिलाच चेंडू. ती दांडक्याकडं बघत राहिली.

दुसरा. पुन्हा तेच तोंड, तेच पुढं होणं, आणि चेंडू वरून गेला. तिसरा. बाद.

चार वेळा आली ती त्या दुपारी. बारा चेंडू, बारा वेळा दांडकं फिरवलं. एकही सोडला नाही. मला वाटलं होतं ती गोंधळेल, उभी राहील, ओळखणार नाही. पण ती प्रत्येक वेळी ओळखत होती. ओढ माझी होती ना! पण कल उलटा, म्हणून चेंडू कुठं वळणार ते तिला उलटंच दिसत होतं. प्रत्येक वेळी तिला धुरातनं आये येताना दिसत होती, ती हात पुढं करत होती, आणि आये बाजूनं निघून जात होती. नवव्या चेंडूला तिचं तोंड उजळलं नाही. दहाव्याला ते आवळलं. बाराव्याला, चोरानं घरात पाऊल टाकल्यावर माणसाचं होतं, तसं झालं.

छप्पन्नवर बरोबरी करून कादंबरी सातपुते थांबली. रणदिवेनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या उजव्या हाताच्या चिंध्या बांधलेल्या बोटांकडं, मग डाव्या हाताकडं. त्याला कळलं. पण कॅमेऱ्यासमोर त्यानंच शिवून घेतले होते.

*

निरगुडकर बाईंनी आठवड्याच्या आत उपचार सुरू केले. जागा मऊ झाली होती, त्या म्हणाल्या होत्या तशीच. महिन्याभरानं कादूनं दत्ताला ओळखलं, गळ्यात पडून रडली. मग सारिकाला, मग भाचरांना, मग गल्लीतल्या चहावाल्यालासुद्धा. आरशात बघून म्हणाली, बाई गं, किती काळी झाले मी.

मी वाट बघत होते. माझी पाळी शेवटी येणार असं मला वाटत होतं. हात पुढं करून बसायचे, डावा वर ठेवायचे.

तिसऱ्या महिन्यात बाईंनी मला बाजूला घेतलं. "बाकीचे चेहरे नुसते मागं ढकलले गेले होते," त्या म्हणाल्या. "जागा मोकळी झाली, ते परत आले. तुमचं तसं नव्हतं. तुमचा टाका आणि तुमचा चेहरा, दोन्ही एकाच ठिकाणी बसले होते. तो टाका म्हणजेच तुम्ही होता. त्या दिवशी बारा वेळा तोच ओळखला आणि बारा वेळा तोच चुकला. जाळीनं रात्री तिचं काम केलं."

"पुसट केलं."

"पुसलं." त्यांनी माझा हात धरला. "दुसऱ्या कुणाच्या हातचे चेंडू असते तर मालिका तुटली असती आणि एवढंही झालं नसतं. ते तिला दिसलेच नसते. तुम्हाला कसं ठाऊक असणार?"

मी त्यांना सारिकाचं सांगितलं नाही. सारिकानंही कधी सांगितलं नाही. आता तिला कारखान्यात मी माझ्या जागेवर बसवलंय, उजेडाच्या बाजूला. का, ते तिनं विचारलं नाही.

कादू आता घरीच असते. बेसबॉल सोडला. शाळेतल्या मुलींना शिकवते, हसते, सिनेमाला जाते, दत्ताशी भांडते. बाकी सगळी ती आधीसारखी आहे. मी तिची आई आहे हे तिला माहीत आहे. डॉक्टरांनी सांगितलं, फोटो दाखवले, आवाजही ओळखीचा वाटतो म्हणते. ती माझ्याशी फार चांगली वागते. पाहुण्यांशी वागतात तशी. परवा कारखान्यात आली, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि माझा हात चालताना बघत राहिली. मी डावा हात आणखी पुढं घेतला.

"किती सुबक टाका आहे हो तुमचा, मावशी," ती म्हणाली. मग जीभ चावली. "म्हणजे, आई. चुकले. रागावू नका."

"नाही रागावत," मी म्हटलं.

माझ्यावर रागावली असती, वाद घातला असता, अगं-तुगं केलं असतं, तर मी सहन केलं असतं. आमच्या गल्लीत आईला कुणी अहो म्हणत नाही.

काल रणदिवेचा निरोप होता. नव्या दोन पोरींना जाळी बसवलीय. एक सोळा वर्षांची आहे. त्यांच्या सरावाला एकाच हातचे चेंडू हवेत, आठवड्याला शंभर. आता त्यांना कारण ठाऊक आहे. मी शिवणार नसेन तर दुसरीकडून शिवून घेतील, हेही कळवलंय. मी निरोप आणणाऱ्याला म्हटलं, त्या पोरींच्या आयांना माझ्याकडं पाठवा म्हणावं, पायांतल्या चपला घेऊन. आल्या तर सगळं सांगीन. येतील असं वाटत नाही. मला कुणी असं बोलावलं असतं तर मी तरी कुठं गेले असते?

कादूच्या पायांचं माप मला अजून पाठ आहे. तिला एक जोड शिवायला घेतलाय, डाव्या हातानं. पट्टा चांगला आहे, वेणी बारीक घातलीय. अंगठ्याच्या पट्ट्याखाली आमच्या घरची गाठ घट्ट मारली, दोनदा, आणि वर चामडं चिकटवून टाकलं. तिला दिसायची नाही.

उद्या देईन. ती "कशाला एवढा त्रास घेतलात" म्हणेल आणि पायात घालून जाईल. जाऊ दे. वर्ष, दोन वर्षं, कधीतरी पट्टा तुटेल. कुठल्याही गावात असली तरी कुठला तरी चर्मकार तो उलटा करून, उसवून बघेल, आणि तिला सांगेल हे कुणाकडं न्यायचं ते.